पडद्यावरचे घर आणि घरातला पडदा

चित्रपट ही वस्तू आहे काय, असा प्रश्न विचारला तर पुष्कळांना तो विचित्र वाटेल. कापड ही वस्तू आहे, साखर ही वस्तू आहे, भिंतीवरचे घड्याळ ही वस्तू आहे. दाम मोजले की ती आपल्या घरी येते आणि आपली होते. चित्रपटाचे मात्र फार वर्षे तसे नव्हते. आपण तिकीट काढत होतो ते खुर्चीचे, तेही तीन तासांच्या मुदतीचे. दिवे लागले की चित्रपट त्याच्या पेटीत आणि आपण आपल्या वाटेला. ज्याने आपल्याला रडवले तो खेळ आपल्या हाती कधीच येत नव्हता. पुढे तो हाती येऊ लागला, कपाटात राहू लागला, आणि आज तर हाती न येताही घरात दिसू लागला आहे. या बदलाने, विशेषतः ज्याला आपण कौटुंबिक चित्रपट म्हणतो त्याच्या बाबतीत, काय घडले याचा थोडा हिशेब आम्ही येथे मांडणार आहोत. आमचा पेशा कामगार संघटनेचा, चित्रपट-समीक्षेचा नाही. तेव्हा हिशेब थोडा कामगाराच्या अंगाने मांडला गेला, तर श्रोत्यांनी तो तसाच घ्यावा.

नाशिककरांना या विषयात बोलण्याचा अधिकारही आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मले, १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला, आणि त्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला. कारखाना हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. तेथे सुतार होते, रंगारी होते, फिल्म धुणारे होते, स्वयंपाकी होते, आणि घरातील बायकामाणसेही त्या कामात होती. पहिल्या चित्रपटाच्या वेळी सरस्वतीबाई फाळके यांनी केलेले श्रम आता सर्वश्रुत आहेत. म्हणजे आपल्याकडचा चित्रपट मुळात एका कुटुंबाच्या कष्टातून उभा राहिला. घरातून निघालेली ही कला सत्तर वर्षांनी पुन्हा घरात शिरली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

ती घरात शिरली कशी, हे आधी पाहू. चित्रगृहातील फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची असे. ती एका सेकंदाला २४ चित्रे या वेगाने धावे, म्हणजे एका मिनिटाला ९० फूट. अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट फिल्म लागे. चार किलोमीटर लांबीची ही वस्तू, तिचे यंत्र, तो चालविणारा ऑपरेटर, एवढा संसार कोणाच्या घरात मावणार? म्हणून लोक चित्रपटाकडे जात, चित्रपट लोकांकडे येत नसे. १९७५ साली जपानच्या सोनी कंपनीने बीटामॅक्स आणि १९७६ साली जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस ही यंत्रे बाजारात आणली, तेव्हा ही चार किलोमीटरची फिल्म अर्धा इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर उतरून एका पुस्तकाएवढ्या डबीत मावू लागली. आपल्याकडे १९८२ साली रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली, त्याच वर्षी दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, आणि त्या सुमारास परदेशातून व्हीसीआर येऊ लागले.

व्हीसीआर विकत घेणे हे कामगाराच्या पगाराबाहेरचे होते. परंतु कामगाराला एक गोष्ट उत्तम कळते, ती म्हणजे वर्गणी. सातपूर-अंबडच्या वसाहतींत काय, मुंबईच्या चाळींत काय, गणपतीत किंवा सत्यनारायणाला रात्रीपुरता टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणावयाचा, दोन-तीन कॅसेटी आणावयाच्या, आणि अंगणात सतरंज्या टाकून पहाटेपर्यंत पाहावयाच्या, ही रीत पडली. पहाटेच्या पाळीचा माणूस मध्येच उठून डबा घेऊन कामावर जाई, आणि शेवट काय झाला हे संध्याकाळी शेजाऱ्याला विचारी. घरगुती चित्रपटाचा पहिला अवतार असा सार्वजनिक होता, हे विसरू नये. पुढे गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. नव्वदीत सीडी आली. त्या एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्र मावे, म्हणून एका चित्रपटाला दोन किंवा तीन तबकड्या लागत, आणि नेमक्या रडण्याच्या प्रसंगी कोणीतरी उठून तबकडी बदलावी लागे! मग डीव्हीडी आली व संबंध चित्रपट एकीवर बसला. मोझर बेअर या कंपनीने सीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकावयास काढली, तेव्हा चित्रपट खऱ्या अर्थाने किराणा दुकानातील वस्तू झाला. ते युगही टिकले नाही. जगातील व्हीसीआर बनविणारी शेवटची कंपनी म्हणून राहिलेल्या जपानच्या फुनाईने २०१६ साली उत्पादन थांबविले. तबकड्यांची दुकानेही ओस पडली. आता चित्रपट तारेतून आणि हवेतून येतो.

हा झाला यंत्राचा इतिहास. परंतु यंत्र बदलले की माणसांचे संबंध बदलतात, हे गिरणीत आणि कारखान्यात आम्ही पाहिले आहे. मग घरात ते का बदलू नयेत?

१९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला. अलका कुबल यांनी त्यात सासुरवाशिणीची भूमिका केली. कथा मूळ ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटाची. या चित्रपटाला गावोगावच्या स्त्रिया घोळक्याने गेल्या, हे आजही लोक सांगतात. शहाण्या मंडळींनी तेव्हा नाके मुरडली. रडका चित्रपट, भडक चित्रपट, असे म्हटले गेले. कलेच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खरेही असेल. आम्हाला मात्र दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कारखान्यातील कामगाराला आठवड्याची सुट्टी असते, ती त्याने लढून मिळविलेली आहे. घरकाम करणाऱ्या बाईला सुट्टी कोणती? घर हेच जिचे कामाचे ठिकाण, तिला घराबाहेर पडल्याखेरीज सुट्टी नाही. चित्रगृहातील तीन तास ही तिची सुट्टी होती. तेथे अंधार होता, कोणी चहा मागत नव्हते, आणि शेजारची अनोळखी बाईही रडत असल्यामुळे स्वतःच्या डोळ्यांतील पाण्याचे कारण कोणाला सांगावे लागत नव्हते.

तोच चित्रपट घरच्या पडद्यावर लागला म्हणजे काय होते? पैसे वाचतात, हे खरे. म्हातारीला जिना चढावा लागत नाही, तान्हे मूल घेऊन बसता येते, हेही खरे. परंतु आता सुनेच्या शेजारी प्रत्यक्ष सासू बसलेली असते. पडद्यावरची सासू सुनेला छळते आणि कोचावरची सासू ते पाहते. सून रडली तर तो आरोप ठरतो, न रडली तर ती कठोर ठरते. मध्येच कुकरची शिट्टी होते आणि उठावे लागते तिलाच. म्हणजे ज्या सुखासाठी ती चित्रगृहात जात होती, त्यातील निम्मे सुख घरी येताना दारातच गळून पडते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की घरी चित्रपट पाहणे वाईट. आमचे म्हणणे तसे नाही. कारण याच घरगुती पाहण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती समजण्यास नाशिकचाच दाखला पुरेसा आहे.

कुसुमाग्रज, म्हणजे आपले तात्यासाहेब शिरवाडकर, यांचा चित्रपटाशी संबंध फार जुना. १९३६ साली नाशिकच्या गोदावरी सिनेटोनमध्ये ते दाखल झाले, ‘सती सुलोचना’ची पटकथा त्यांनी लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. तो चित्रपट चालला नाही, पण मराठी रंगभूमीला पुढे ‘नटसम्राट’ मिळाले. १९७० साली डॉ. श्रीराम लागू यांनी ते रंगमंचावर उभे केले, १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १ जानेवारी २०१६ रोजी महेश मांजरेकर यांनी दिग्दर्शित केलेला, नाना पाटेकर यांच्या भूमिकेचा त्याच नावाचा चित्रपट आला. कथा सर्वांना ठाऊक आहे. निवृत्त झालेला थोर नट आपली मिळकत हयातीतच मुलांना वाटून टाकतो, आणि मग त्यांच्याच घरांत तो व त्याची पत्नी अडचण होऊन बसतात. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो आणि म्हातारा-म्हातारी रस्त्यावर येतात.

नाटकगृहात वा चित्रगृहात ही कथा पाहणारा मुलगा बाहेर आल्यावर म्हणू शकतो, ‘काय काम केले आहे!’ आणि घरी जाऊन सर्व विसरू शकतो. घरात तसे करता येत नाही. ज्या बापाने भविष्यनिर्वाह निधीचे पैसे काढून मुलाच्या सदनिकेला दिले, तो बाप त्याच सदनिकेतील हॉलमध्ये, त्याच पडद्यासमोर बसलेला असतो. चित्रपट संपल्यावर त्या खोलीत जी शांतता पसरते, तिला आम्ही या नव्या साधनाची खरी कमाई समजतो. चित्रगृहात प्रश्न पडद्यावर राहतो. येथे तो जेवणाच्या ताटापर्यंत येतो.

शांतता पसरली आणि विरली, एवढ्यावर मात्र हे थांबू नये. आमच्याकडे निवृत्त सभासद येतात. त्यांतील काहींची कहाणी बेलवलकरांपेक्षा फारशी निराळी नसते, फक्त तिला भाषेचे ऐश्वर्य नसते. त्यांना आम्ही कायदा सांगतो, तो येथेही सांगून ठेवतो. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याप्रमाणे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आई-वडिलांना मुलगा व मुलगी, दोघांकडूनही निर्वाहाची रक्कम मागता येते. मूळ कायद्यात तिची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. अर्ज करावयाचा तो प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे. याच कायद्याचे २३ वे कलम प्रत्येक म्हाताऱ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. आपला सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. परंतु अट बक्षीसपत्रात लिहिलेली असावी. तोंडी प्रेमावर विसंबून कागद कोरा ठेवला, तर पुढे सिद्ध करणे कठीण जाते. बेलवलकरांच्या काळी हा कायदा नव्हता, आज आहे. चित्रपट पाहून डोळे पुसल्यावर ज्या घरात या कलमाची चर्चा झाली, त्या घरात कुसुमाग्रजांचे श्रम फुकट गेले नाहीत असे आम्ही म्हणू.

आता पैशाकडे वळू. चित्रपट घरोघर गेला तेव्हा नवा पैसा उत्पन्न झाला. तो कोणाकडे गेला? आमच्या धंद्यातील हा नेहमीचा प्रश्न आहे. उत्पादन वाढले तर बोनस कोणाला?

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्याच्या आधारे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. एका बाजूला गीतकार-संगीतकारांची संस्था, दुसऱ्या बाजूला निर्माते. न्यायालयाने असे ठरविले की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत वा संगीत करून घेतले आणि करारात उलट काही लिहिले नसेल, तर हक्क निर्मात्याचा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मात्र कलावंतांच्या बाजूने कायद्यात सुधारणा व्हावी, अशा आशयाची पुस्ती जोडली. ती सुधारणा होण्यास पस्तीस वर्षे लागली. दरम्यान १९८४ साली व्हिडिओच्या चोरट्या धंद्याला आळा घालण्यासाठी कायदा बदलला, आणि कॅसेटवर निर्मात्याचे नाव-पत्ता व रीतसर परवानगी घेतल्याचा उल्लेख छापणे बंधनकारक झाले. म्हणजे मालकाचे रक्षण आधी झाले, कारागिराचे मागाहून. हा क्रम आम्हाला अपरिचित नाही.

२०१२ सालच्या दुरुस्तीने कारागिराकडे पाहिले. कथा-पटकथा व गीत लिहिणारे आणि संगीत देणारे यांच्या कृतीचा वापर चित्रगृहातील खेळाखेरीज अन्य मार्गाने झाला, तर त्या उत्पन्नात त्यांचा बरोबरीचा वाटा आहे, आणि हा वाटा सोडून दिल्याचे कोणी लिहून घेतले तरी ते चालणार नाही, असे ठरले. ‘सोडून दिल्याचे लिहून घेणे’ म्हणजे काय, हे कोऱ्या कागदावर सह्या करून नोकरीला लागलेल्या कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. पोट हातावर असणारा माणूस वाटेल त्यावर सही करतो, म्हणूनच काही हक्क असे असावे लागतात की जे त्याला स्वतःलाही विकता येऊ नयेत. किमान वेतन हा तसा हक्क आहे. २०१२ ची दुरुस्ती त्याच जातीची आहे.

तरीही पुष्कळजण या वाट्याच्या बाहेरच आहेत. छायाचित्रकार, संकलक, रंगभूषाकार, दिवे उचलणारा, यांना मिळते ते करारात असेल तेवढे आणि बहुधा एकदाच. १९८१ साली चित्रपट कामगार व चित्रगृह कामगार यांच्यासाठी कायदा झाला होता व त्याने लेखी कराराचा आग्रह धरला. पुढे २०२० च्या कामगार संहितेत तो सामावून घेतला गेला आणि ‘दृक्‌श्राव्य कामगार’ अशी अधिक व्यापक संज्ञा आली. संज्ञा व्यापक झाली ही चांगलीच गोष्ट. आता वाटाही व्यापक झाला पाहिजे. आणि जो चित्रगृहात डोअरकीपर होता, बुकिंगच्या खिडकीत बसत होता, जो ऑपरेटर कार्बनच्या उजेडात उभा राहून डोळे खराब करून घेत होता, त्याचे काय? विजयानंद, सर्कल, मधुकर ही नावे घेताच जुन्या नाशिककराला चित्रपट आठवतात. आम्हाला तेथली माणसेही आठवतात. पडदा घरात आला तेव्हा त्यांचा रोजगार कोठे गेला, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

शेवटचा मुद्दा टिकण्याचा. घरी आलेला चित्रपट आपला झाला, असे आपण समजतो. कॅसेट होती तेव्हा निदान डबी तरी आपली होती, पण फितीला दमटपणाने बुरशी धरली आणि आज ती लावावयास यंत्र नाही. आता जे पैसे आपण दरमहा भरतो त्यात चित्रपट येत नाही, पाहण्याची परवानगी तेवढी येते. कंपनीचा निर्मात्याशी झालेला करार संपला की चित्रपट यादीतून जातो. आपण मालक नाही, भाडेकरू आहोत, आणि भाडेपावतीवर मुदतही लिहिलेली नसते.

‘राजा हरिश्चंद्र’चे काय झाले पाहा. चार रिळांच्या त्या चित्रपटाचे आज पहिले व शेवटचे रीळ तेवढे पाहावयास मिळते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली, म्हणजे फाळके नाशिकला कालवश झाल्यावर वीस वर्षांनी. तोवर किती रिळे जळाली, किती वितळवून त्यांतील चांदी काढली गेली, याला गणती नाही. उलट ‘श्यामची आई’चे भाग्य पाहा. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्याचा चित्रपट केला, आणि १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो, म्हणजे या चित्रपटाचा २०१३ अखेर संपला. गीत-संगीताचे हक्क निराळे मोजतात, ते त्या त्या कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. परंतु चित्रपट म्हणून ‘श्यामची आई’ आता समाजाच्या मालकीची झाली आहे. तुरुंगाच्या भिंतीआड लिहिलेली आई कोणाच्याही घरी विनाअडथळा येऊ शकते, यात आम्हाला मोठा न्याय दिसतो. मात्र कायद्याने मोकळा झालेला चित्रपट जपून ठेवलेली चांगली प्रत असेल तरच मोकळा. प्रतच नसेल तर तो हक्क कागदावर राहील.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते तीन गोष्टी आपल्या हातांत आहेत. चोरीची प्रत घेऊ नये. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रगृहात चोरून चित्रण करणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे, पण कैदेच्या भीतीपेक्षा, त्या प्रतीतून गीतकाराचा व संगीतकाराचा वाटा बुडतो हे कारण आम्हाला अधिक वजनदार वाटते. दुसरे, १८४० सालापासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय ज्या नाशकात आहे, तेथे जुन्या मराठी चित्रपटांचा एक संग्रह रीतसर परवानगीने उभा राहण्यास हरकत नसावी. पुस्तक जपावयाचे ही बुद्धी ज्या गावाला इतक्या लवकर झाली, त्याला रीळ जपणे जड जाऊ नये. घरापुरत्या घेतलेल्या प्रतीचा सार्वजनिक खेळ करता येत नाही, एवढे मात्र संयोजकांनी ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत अवघड. घरात कौटुंबिक चित्रपट लागेल त्या संध्याकाळी स्वयंपाक आधी उरकावा, आणि तो पुरुषांनी उरकावा. चहा लागला तर पुरुषांनी उठावे. घरातील बाईला तिचे तीन तास सलग मिळावेत. चित्रगृहाने ते तिला अंधाराच्या आधाराने दिले होते. घराने ते उजेडात, सर्वांच्या समक्ष द्यावयास हवेत.